बिनजोडीचं वांगं

फूल येतं. टपोरं, जांभळं, मधोमध पिवळा गोंडा. भुंगा येतो, गूंऽऽ करतो, अंगाला पराग फासून निघून जातो. दोन-तीन दिवसांनी फूल मान टाकतं आणि देठासकट टपकन खाली पडतं. फळ? नाव नको!

आता सांगा बरं, असं का?

मी पप्पांना विचारलं, तर म्हणाले, "नजर लागली असेल कोणाची." आमचे पप्पा शेतकी कॉलेजात शिकलेत, बरं का! आबांना, म्हणजे आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, "खताचा मारा जास्त झाला." शेवटी धोंडूला विचारलं. धोंडू म्हणजे आमच्या शेतातला यंत्रमानव. चार चाकं, दोन हात, एका हाताला कात्री. तो म्हणाला, "माहिती अपुरी आहे, यमूताई." तिघांत तोच एक प्रामाणिक निघाला.

मी यमुना भारंबे. हसू नका. हल्ली जुन्या नावांची फॅशन आहे, माझ्या वर्गात दोन गोदावऱ्या आणि एक सखू आहे. माझ्या आत्याचं नाव सानिका, म्हणजे कसं, अगदी मागच्या पिढीतलं. सानिकाआत्या पेशीशास्त्रज्ञ आहे (सजीवांचं शरीर ज्या इवल्या खोल्यांचं बनलेलं असतं, त्या पेशींचा अभ्यास करणारी). शहरातली प्रयोगशाळा सोडून ती वर्षभर आमच्या शेतातल्या काचघरात मुक्कामाला आली होती. कारण होतं ते एकच झाड.

आमचं शेत यावलच्या बाजूला, तापीकाठी. थंडी पडली की आमच्याकडे भरीत पार्टी. शेतात पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) पेटवायच्या, त्यांवर हिरवीगार मोठाली वांगी भाजायची, बडजी नावाच्या लाकडी भांड्यात मिरच्यांबरोबर ठेचायची आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीशी हाणायची. असं सगळे सांगतात. मला काय ठाऊक! मी खायच्या वयाची होईपर्यंत मातीत मर रोग (मुळांतून शिरून झाड उभ्या उभ्या सुकवणारा रोग) शिरला होता. रोप छान वाढायचं, फुलावर यायचं आणि एका दुपारी झोपायचं ते कायमचं.

पण बांधावरच्या काटेरी रानवांग्याला मात्र हा रोग शिवतही नव्हता. म्हणून आत्यानं आमच्या वांग्याच्या फुलावर रानवांग्याचे पराग लावले. कुंचला फिरवून फिरवून तिचा हात दुखून आला, तेव्हा कुठे एक रोप हाती लागलं. आईकडून भरिताचं वांगं, बापाकडून रानवांगं. रोगट मातीत ते टणाटण वाढलं. पण वर सांगितलं तसं, फळ धरेना. फळ नाही म्हणजे बी नाही, आणि बी नाही म्हणजे पुढचं सगळंच खुंटलं.

पप्पांनी तिला सांगून टाकलं होतं, "सानू, या थंडीत बी मिळालं तर उत्तम. नाहीतर वांग्याच्या जमिनीचा तो तुकडा मी सौरपट्ट्यांना देतो. आबांना दर वर्षी मेलेली वांगी उपटताना बघवत नाही मला."  त्या दिवशी आत्या जेवली नाही, हे मी पाहिलं होतं.

एका रविवारी सकाळी आत्यानं मला काचघरात बोलावलं. तिथला सूक्ष्मदर्शक जे बघेल ते समोरच्या भिंतीवर भलंमोठं दिसतं. तिनं आधी साध्या वांग्याचे पराग दाखवले. गोल, गच्च भरलेले. मग आमच्या झाडाचे दाखवले. चेपलेले, सुरकुतलेले, आत हवा!

"फोल!" मी ओरडले. "सगळे फोल!"

"आता ते का फोल आहेत, ते बघायचं," आत्या म्हणाली. तिनं भिंतीवर एका जिवंत पेशीचं चित्रण लावलं. ही साध्या वांग्याच्या कळीतली, पराग तयार करणारी पेशी. तिच्या मधोमध केंद्रक होतं (पेशीचा कारभार जिथून चालतो ती गोल पिशवी) आणि केंद्रकात नुसता दोऱ्यांचा गुंता.

"ही गुणसूत्रं," आत्या म्हणाली. (गुणसूत्रं म्हणजे लांबच लांब धागे. झाड कसं व्हावं, याची सगळी माहिती त्यांवर लिहिलेली असते.) "वांग्यात ती चोवीस. बारा आईकडची, बारा बापाकडची. आईकडच्या पहिल्याला बापाकडचा पहिला जोडीदार, दुसऱ्याला दुसरा. बारा जोड्या. आता परागात किती जायला हवीत?"

"चोवीसच की."

"आणि बीजांडातही चोवीस? म्हणजे बाळझाडात झाली अठ्ठेचाळीस. नातवात?"

"शहाण्णव... अगं बाई! पेशी फुटेल!"

"म्हणून परागात निम्मीच पाठवायची. पण कुठलीही बारा नाहीत हं. प्रत्येक जोडीतलं एक. नाहीतर एखाद्या परागात तिसरं दोनदा आणि सातवं एकदाही नाही, असं व्हायचं. वाटणी नीट करायची तर आधी जोड्या लागायला हव्यात. पण यमू, त्यांना डोळे नाहीत, कान नाहीत, नावाची पाटी नाही. एवढ्या गुंत्यात आपला जोडीदार शोधायचा कसा?"

मी तोंड उघडणार, इतक्यात पप्पांची हाक आली. "यमेऽऽ! नळ्या कोण लावणार? माझा काका?"

झालं! आमच्याकडे ठिबकच्या नळ्या हंगाम संपला की गोळा करून शेडमध्ये ठेवतात. नीट गुंडाळून ठेवतात असं पप्पा म्हणतात. प्रत्यक्षात तिथं सापांचं वारूळ असतं. प्रत्येक वाफ्याला एकसारख्या दोन नळ्या लागतात. केळीच्या नळीला थेंब पाडणारी भोकं लांब लांब, कांद्याच्या नळीला जवळ जवळ, दुरुस्त केलेल्या नळीला भलतीकडेच. उद्या पाणी सोडायचं होतं आणि जोड्या लावायचं काम माझ्या नि धोंडूच्या गळ्यात पडलं होतं.

"चल, मीही येते," आत्या म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, त्यामुळे मला संशय आला. शेडमध्ये तिनं ढिगातून मोजून चोवीस नळ्या बाजूला ओढल्या. "लावा जोड्या."

धोंडूनं मधलीच एक नळी पकडली आणि ओढली. गुंता आणखी आवळला. त्यानं दुसरी ओढली. आता दोन गाठी. "काम प्रगतिपथावर आहे," तो म्हणाला.

"प्रगती कसली, बोडक्याची! सोड ते!" माझं डोकंच फिरलं. "आत्या, हे काही होत नाही. मधून कुठलीही धरली तरी बाकीच्या आवळतात."

"मग मधून धरू नकोस."

मी थांबले. नळीला मध्य सतराशे साठ, पण टोकं दोनच. मी एकेक टोक हुडकलं आणि सगळी टोकं भिंतीजवळच्या आडव्या गजाला बांधली. कोथिंबिरीची जुडी देठांशी धरावी तशा नळ्या एका जागी आल्या आणि बाकीच्या अंगानं जमिनीवर पसरल्या.

"शाब्बास!" आत्यानं टाळी वाजवली. "गुणसूत्रं हेच करतात. त्यांची टोकं केंद्रकाच्या भिंतीला आतून चिकटतात आणि सरकत सरकत एका बाजूला गोळा होतात. याला आम्ही गुच्छ म्हणतो. आता गज हलव."

मी गज गदागदा हलवला. नळ्या उसळल्या, एकमेकींवर आपटल्या. ज्या उगाच अडकल्या होत्या त्या सुटून बाजूला पडल्या, आणि जिच्याशी आधी गाठ पडली नव्हती अशी नळी शेजारी येऊन पडली.

"पेशीतही असेच हिसके बसतात. भिंतीच्या बाहेरून टोकांना ओढणारी यंत्रणा असते. हलल्यामुळे दोन फायदे. नवे शेजारी भेटतात आणि चुकीच्या गाठी सुटतात. आता जोडीदार ओळख."

मी एक नळी उचलली, शेजारच्या नळीला लावून पाहिली. भोकं जुळेनात. सोडून दिली. दुसरी लावली. पहिलं भोक जुळलं, पुढचं नाही. सोडली. पुन्हा गज हलवला. मग एक अशी आली की भोक, त्यापुढचं भोक, त्यापुढची दुरुस्तीची जागा, सगळं बरोब्बर समोरासमोर. मी तिथं क्लिप लावली. हातभर पुढे पाहिलं, तिथंही जुळलं, तिथंही क्लिप. मग काय, पिशवीची चेन लावावी तशी सरसर सरकत टोकापर्यंत गेले.

"एक जोडी!" धोंडू म्हणाला. त्याला मोजायला फार आवडतं.

"म्हणजे गुणसूत्रंही अशीच भोकं बघतात?" मी विचारलं.

"भोकं नाहीत, त्यांच्यावर लिहिलेला मजकूर बघतात. आणि बघायची रीत ऐकून तू किंचाळशील. पेशी स्वतःच्याच धाग्याला ठिकठिकाणी मुद्दाम कापते."

"काऽऽय? ज्यावर सगळं लिहिलंय तोच धागा?"

"तोच. कापलेलं मोकळं टोक शेजारच्या धाग्यात डोकावतं. माझ्यासारखा मजकूर आहे का? नाही? मग पुढे. आहे? मग धरून ठेवायचं. असं बऱ्याच जागी जुळलं की दोन धाग्यांच्या मधे प्रथिनांची (पेशीत नाना कामं करणाऱ्या पदार्थांची) एक शिडी उभी राहते. ती म्हणजे तुझी चेन. मग कापलेल्या जागा जोडीदाराचा मजकूर बघून दुरुस्त होतात. काही ठिकाणी दोघं आपले तुकडे चक्क अदलाबदल करतात. त्या अदलाबदलीच्या गाठीमुळे वाटणीच्या क्षणापर्यंत जोडी सुटत नाही. तू मात्र नळ्या कापू नकोस हं, नाहीतर दादा मला कापेल."

एकेक करत आम्ही जोड्या लावल्या. शेवटी दोन नळ्या उरल्या. एक केळीची, एक कांद्याची. कितीही गज हलवा, कशाही फिरवा, जुळतच नव्हत्या. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आत्या! आपल्या झाडात सगळ्याच नळ्या अशा आहेत! बारा भरीतवांग्याच्या, बारा रानवांग्याच्या. मजकूर जुळतच नाही. सगळी नुसती शोधत फिरतात!"

"आणि जोडी न लागल्यामुळे वाटणीच्या वेळी वाट्टेल तिकडे जातात," आत्या हळूच म्हणाली. "कुठल्या परागात पाच, कुठल्यात एकोणीस. म्हणून फोल."

मला एकदम त्या गुणसूत्रांची दयाच आली. बिचारी! सगळं बरोबर करत होती, टोकं गोळा करत होती, हिसके खात होती, आणि पलीकडे कुणी नव्हतंच.

मी त्या दोन नळ्यांकडे बघत बसले. "पप्पा काय करतील माहितीये? केळीची नळी मोजतील आणि अगदी तशीच दुसरी करतील. मग कांद्याच्या नळीलाही तशीच. झाल्या दोन जोड्या. आत्या, गुणसूत्रांची नाही का करता येत तशीच दुसरी?"

आत्यानं मला धरून गरागरा फिरवलं. "करता येते, माझे बाई, करता येते! पेशी दर वेळी दोन होण्याआधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल करते. मग बारीक दोर येऊन नकला दोन बाजूंना ओढतात. तेवढ्यापुरते ते दोर होऊच दिले नाहीत, तर? ओढाओढ नाही, पेशीचे दोन भागही होत नाहीत. चोवीसची अठ्ठेचाळीस एकाच पेशीत राहतात, आणि प्रत्येकाला आपल्यासारखा एक मिळतो. ते दोर थांबवणारं औषध कळलावीच्या कंदात असतं. जहाल विष आहे, हातमोज्यांशिवाय मीही शिवत नाही. मी ते मागेच झाडाच्या कोंबांना लावलंय."

"मग?"

"बाकीचे कोंब करपले. एकच शेंडा जगला. वाकडातिकडा, जाड पानांचा, दिसायला अगदी ध्यान. पण त्याच्या पेशी मी मोजल्यात. अठ्ठेचाळीस! अजून कोणाला बोलले नाही, फुलं येईपर्यंत थांबणार होते. चल, तुला दाखवते."

आम्ही धावत झाडापाशी गेलो. आत्या वाकली. मग खाली बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

शेंडा नव्हता. तिथं फक्त स्वच्छ, तिरका काप होता.

"धोंडू!" मी ओरडले. "इथला शेंडा कुठाय?"

"सकाळी खुडला," धोंडू आनंदानं म्हणाला. "पानं जाड, कोंब वाकडा, वाढ खुंटलेली. अळी लागलेला शेंडा खुडावा, हे मालकांनी शिकवलं आहे."

त्याचं काय चुकलं होतं? वांगं लावणारं आमच्याकडचं कुणीही हेच करतं. शेंडा मलूल दिसला की आत अळी आहे असं समजायचं, चालता चालता खुडायचा. पप्पा करतात, आबा करतात, मी स्वतः केलं असतं. हे कळत होतं तरी मला त्या डबड्याला लाथ मारावीशी वाटली.

"खुडलेले शेंडे कुठायत?"

"बादलीत. बादली आबांकडे. आबा जाळतात."

बांधापलीकडून धूर येत होता.

मी कशी पळाले ते मला आठवत नाही. एक चप्पल चिखलात राहिली एवढं खरं. आबा खड्ड्यापाशी उभे होते, खाली आग, हातात बादली, आणि बादली तिरपी होत होती. "आबाऽऽ! नकाऽऽ! ओतू नकाऽऽ!"

आबा दचकले. थोडं पाणी आगीवर सांडलं, चर्रर्र झालं. "अगं काय झालं पोरी? साप?"

मी बादली हिसकावून जमिनीवर पालथी केली. अळ्या बाहेर निघू नयेत म्हणून आमच्याकडे या बादलीच्या तळाशी बोटभर पाणी ठेवतात, त्यामुळे सगळे शेंडे टवटवीत होते. पण होते किती! काचघरातल्या साध्या वांग्यांचेही त्यातच. मी एकेक चाचपत गेले. पातळ, पातळ, पातळ. मग एक बोटाला लागला. पान जाड, गडद, खरखरीत, अगदी ध्यान. आत्या धापा टाकत पोचली तेव्हा मी तो दोन्ही हातांत धरून बसले होते.

"हाच," ती म्हणाली. "हाच आहे, यमू." आणि मटकन खाली बसून रडायलाच लागली. आबांना काहीच कळेना. ते आपले तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

कलम तिनं तिथल्या तिथं केलं. रानवांग्याचं रोप बुडाशी कापलं, खोडाला चीर दिली, शेंड्याची पाचर करून त्यात बसवली, वर पट्टी गुंडाळली. रोप मी धरलं. पप्पा आले, त्यांना सगळं कळलं.  जाताना म्हणाले, "सौरपट्टीवाल्यांना मी थांबायला सांगतो. किती थांबायचं ते तू सांग, सानू."

पुढचे दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. शाळेत फळ्यावर काय लिहिलंय ते दिसायचं नाही, डोळ्यांपुढे तो शेंडाच. कलम धरलं. एक पान फुटलं, मग दुसरं. कळी आली. आत्यानं एका कळीतली पेशी भिंतीवर लावली तेव्हा आम्ही सगळे तिथं होतो, धोंडूसुद्धा. गुच्छ झाला, हिसके बसले, धागे सरकले. आणि मग, एकेक करत, चेन लागावी तशा जोड्या लागत गेल्या.

"चोवीस जोड्या," धोंडू म्हणाला.

"आहे रे आहे! जोडीदार आहे!" असं मी त्या धाग्यांना ओरडून सांगितलं. त्यांना कान नाहीत हे मला माहीत आहे. पण ओरडले.

पराग गच्च निघाले. फूल गळलं नाही. फळ धरलं. लहानसं, हिरवट, देठाला काटे. आत्यानं त्याची तपासणी केली, खायला धोका नाही अशी खात्री केली आणि मग सगळ्यांसमोर चिरलं. आत बी होतं. पिवळसर, चपटं, भरलेलं बी.

इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून नेला असं वाटलं. आम्ही कुणी ओरडलो नाही की नाचलो नाही. नुसते एकमेकांकडे बघून हसत होतो.

पप्पांनी एक फोड भाजून तोंडात टाकली आणि त्यांचा चेहरा असा झाला की काय सांगू! "अगं आई गं, कडू! कारल्याचा काका आहे हा!"

"असणारच," आत्या म्हणाली. "निम्मं रानवांगं आहे ते. आता याचा पुन्हा आपल्या वांग्याशी संकर करायचा, मग त्यातलं गोड निवडायचं, पुन्हा करायचा. कडूपणा जाईल, रोगाशी झुंजणं राहील. माझ्या एकटीच्यानं होणारं काम नाही, आणि लवकर होणारं तर नाहीच."

"मी आहे ना," मी म्हटलं. "पण आत्या, एक सांग. एवढ्या लांब धाग्यांतून जुळणारा मजकूर इतक्या लवकर सापडतो कसा? नुसते हिसके देऊन? आणि काही प्राण्यांत धागा न कापताही जोड्या लागतात, असं तू परवा म्हणालीस. ते कसं?"

आत्या हसली. "ते पुरतं कुणालाच ठाऊक नाही, यमू. मलाही नाही."

मला फार बरं वाटलं. म्हणजे माझ्यासाठी काहीतरी शिल्लक होतं.

आबांनी इतका वेळ तोंडातली फोड थुंकली नव्हती. ते डोळे मिटून, सावकाश, शेवटपर्यंत चावत होते. मग त्यांनी डोळे पुसले, ताटली पुढे केली आणि म्हणाले, "आणखी एक दे."